वायरमनला दारात एकटं पाठवू नका

प्रश्न विचारणारे एका ग्रामीण सेक्शनचे शाखा अभियंता आहेत. मार्चच्या वसुलीत थकबाकीदाराची लाइन कापायला गेलेल्या त्यांच्या वायरमनला तिघांनी मारलं, डोक्याला टाके पडले, मोबाईल फुटला. ठाण्यात "गावातलं प्रकरण आहे, मिटवून घ्या" असं ऐकायला मिळालं. बाकीची मुलं आता त्या वाडीत जायला तयार नाहीत आणि टार्गेटचा फोन मात्र रोज येतो. त्यांनी विचारलंय: प्रत्येक फेरीला पोलीस बंदोबस्त मागावा का? मुलांना स्वसंरक्षण शिकवावं का? ऑफिसात एक महिला तंत्रज्ञ बऱ्याचदा एकटी असते, तिचं काय करावं?

नमस्कार. आधी त्या वायरमनबद्दल. डोक्याला मार आहे, तेव्हा उलटी, चक्कर, झापड यावर घरच्यांना पुढचे काही दिवस बारीक लक्ष ठेवायला सांगा. तो "मी बरा आहे साहेब" म्हणाला तरी लगेच कामावर बोलावू नका. बाकी सगळं त्यानंतर.

मी वीज वितरणात सेक्शन सांभाळला, उपविभाग सांभाळला आणि शेवटची काही वर्षं लाइन स्टाफच्या प्रशिक्षणात होतो. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र, दोन्हीकडे वसुली केली आहे. त्यावरून लिहितो.

बंदोबस्त आणि स्वसंरक्षण या दोन्ही गोष्टी हात उगारला गेल्यानंतरच्या आहेत. खरी अडचण त्याच्या बरीच आधी सुरू होते. दारात उभ्या असलेल्या वायरमनकडे जरा समोरच्या घराच्या ओसरीवरून बघा. रीडिंग त्यानं घेतलेलं नाही, बिल त्यानं काढलेलं नाही, दर वीज नियामक आयोगानं ठरवले, यादी तुमच्या ऑफिसातून आली, टार्गेट वरून आलं. पण तार कापायची पकड त्याच्या हातात आहे. समोरचा माणूस म्हणतो बिल चुकलंय, म्हणतो पगार झाला नाही, म्हणतो सोमवारी भरतो. यातल्या एकाही गोष्टीवर वायरमन हो म्हणू शकत नाही. आणि न कापता परत आला तर संध्याकाळी त्याचीच झाडाझडती. म्हणजे ज्याच्याजवळ देण्यासारखं काही नाही आणि ज्याला मागे फिरायची मुभा नाही, असा माणूस आपण चिडलेल्या माणसासमोर उभा करतो. मारहाण करणाऱ्याचा गुन्हा यानं तसूभरही कमी होत नाही. पण आपल्या हातात जे आहे ते इथे आहे, म्हणून इथूनच सुरुवात करू.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्याकडे मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, वाड्या किती लांब आहेत, ठाण्याचे निरीक्षक कसे आहेत आणि तुमचे कार्यकारी अभियंता अडचणीत पाठीशी उभे राहतात की नाही, यावर बरंच बदलेल. चार माणसांच्या सेक्शनला मी सांगतो त्यातलं सगळं जमणार नाही. जोडीनं जाणं आणि मागे फिरण्याची मुभा, या दोन गोष्टींवर मात्र तडजोड करू नका. माणसं कमी असतील तर फेऱ्या कमी करा.

आता यादी. वसुलीतली भांडणं मी जितकी जवळून पाहिली, त्यातली बरीचशी यादी सकाळी नीट चाळली असती तर झालीच नसती. भांडण पेटवायला सगळ्यात हमखास कारण म्हणजे पैसे भरलेल्या माणसाची लाइन कापणं. काल रात्री फोनवरून भरलेले पैसे आज सकाळच्या यादीत दिसतातच असं नाही. म्हणून नियम साधा ठेवा: ग्राहकानं पावती किंवा मोबाईलवर भरणा झाल्याचं दाखवलं, तर हात लावायचा नाही, नंबर टिपायचा आणि ऑफिसात तपासायचं. दुसरं म्हणजे वादातली बिलं. मीटर बंद आहे, महिनोन्महिने सरासरीनं बिल गेलंय, घर बंद दाखवून मग एकदम फुगलेलं बिल आलंय, तक्रारीचा अर्ज तुमच्याच टेबलावर पडून आहे, अशी नावं यादीतून आधी काढा. त्यांचा निकाल लावा, मग वसुली. तक्रार ऐकून न घेता ज्याच्या घरी अंधार केला, त्याच्या रागाला आपण स्वतः कारण दिलेलं असतं आणि तो राग झेलायला दुसरा माणूस पाठवलेला असतो.

नोटीस तपासा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे कापण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे फक्त कोर्टासाठी नाही. नोटिशीची प्रत आणि तारीख वायरमनच्या फाईलमध्ये असेल, तर "न सांगता आलात" या वाक्यावर तो शांतपणे कागद दाखवू शकतो. त्याच कलमात ग्राहकाच्या बाजूची एक तरतूद आहे, जी आपल्याच बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहक मागितलेली रक्कम किंवा मागच्या ६ महिन्यांच्या सरासरीनं येणारी दरमहाची रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरू शकतो. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज कापता येत नाही. हे सोप्या मराठीत अर्ध्या पानावर छापून प्रत्येक जोडीच्या खिशात द्या. चिडलेल्या माणसाला देण्यासारखी एक वाट वायरमनच्या हातात येते. मी प्रशिक्षणात हा कागद वाटायला लागलो तेव्हा जुन्या लाइनमननी सर्वांत आधी तोच उचलला, कारण दारात रिकाम्या हातानं उभं राहणं म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

शेतीपंपांबद्दल फार लिहीत नाही. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आल्यावर तो ताण पुष्कळ उतरला आहे. तुमच्या यादीत आता घरगुती कनेक्शन, पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, टपऱ्या असणार. म्हणजे जागा घराचा उंबरठा आणि पोटापाण्याचं दुकान. दोन्हीकडे माणूस लवकर पेटतो, आणि बघायला शेजारी जमलेले असतात. चारचौघांत अपमान झाला असं वाटलं की पैशाचा प्रश्न मागे पडतो आणि इभ्रतीचा पुढे येतो. म्हणून पहिलं वाक्य हळू आवाजात, जवळ जाऊन, फक्त त्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायचं. रस्त्यावरून ओरडून थकबाकीचा आकडा सांगणाऱ्याला मी वसुलीला पाठवत नसे.

वेळेचा हिशेब असा. कापायचं काम सकाळी दहा ते दुपारी एकच्या आत. कारण माणसानं तडक जाऊन पैसे भरले तर उजेड असताना त्याच दिवशी लाइन जोडून देता आली पाहिजे. शुक्रवारी दुपारनंतर किंवा सणाच्या आदल्या दिवशी कापणं म्हणजे त्याला दोन-तीन रात्री अंधारात ढकलणं. संध्याकाळी तर जाऊच नये, माणसं कामावरून थकून आलेली असतात, काही पिऊन आलेली असतात. घरात मयत आहे, मांडव पडलाय, कुणी ऑक्सिजनच्या यंत्रावर आहे, पोरगी दहावीच्या परीक्षेला बसली आहे, असं दिसलं तर त्या दिवशी परत यायचं. याला ढिलाई म्हणणारे साहेब तुम्हाला भेटतील. त्यांना सांगा की चार दिवस उशिरा आलेल्या थकबाकीनं कंपनी बुडत नाही.

जोडीचा विषय जरा सविस्तर मांडतो, कारण वायरमन एकटा असताना सर्वांत धोक्याची वेळ दारातली नसतेच. ती पोलवरची असते. शिडीवर, दोन्ही हात गुंतलेले, पाठ लोकांकडे, तोंड तारेकडे. खालून कुणी शिडी हलवली किंवा नुसती ओढली तरी जीवाशी खेळ. म्हणून एक वर असताना दुसरा खाली, आणि त्या खालच्यानं वर बघायचं नाही, लोकांकडे तोंड करून उभं राहायचं. बोलणारा एकच असावा. दोघं बोलायला लागले की भांडण दुप्पट होतं. बोलताना पकड, पाना, स्क्रूड्रायव्हर पिशवीत. हातात लोखंड घेऊन दारात उभा असलेला माणूस घरातल्या बाईला कसा दिसतो याचा विचार आपण करत नाही. हेल्मेट डोक्यावर राहू द्या, ते पडण्यापासून वाचवतं तसं दगडापासूनही वाचवतं. मोटारसायकलचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून लावायची. गल्ली बंद असेल तर गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवायची.

उंबरठ्याच्या आत जायचं नाही, मीटर आत असलं तरी घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेतल्याशिवाय नाही. घरी फक्त बायका असतील तर महिला कर्मचारी जोडीत असेल तेव्हाच. यात त्या घरातल्या बायकांचा मान आहेच, आणि उलट तक्रार झाली तर आपल्या माणसाला साक्षीदारही राहतो. पैसे हातात घ्यायचे नाहीत, कुणी कितीही गळ घातली तरी. रोख रकमेवरून झालेले आरोप धुऊन निघत नाहीत, आणि खिशात पैसे आहेत हे माहीत झालं की परतीच्या रस्त्यावर वेगळाच धोका.

गावचाच वायरमन गावात वसुलीला पाठवावा का, यावर आमच्यात नेहमी मतभेद होते. तो घर ओळखतो, माणूस ओळखतो, त्याचं ऐकलं जातं. हे खरं. पण त्याला रात्री त्याच गावात राहायचं असतं, त्याची पोरं त्याच शाळेत जातात. माझं मत असं की त्यानं आधीच्या आठवड्यात घरोघर जाऊन सांगावं, आठवण करावी, कोणाची काय अडचण आहे ते तुमच्यापर्यंत आणावं. कापायला मात्र शेजारच्या सेक्शनची जोडी यावी, आणि तुमची त्यांच्याकडे जावी. शेजारच्या शाखा अभियंत्याशी बोलून ही अदलाबदल सहज बसते.

आणि कंत्राटी मुलं. पुढे जाणारी अनेकदा तीच असतात, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. ओळखपत्र नाही, अंगावर गणवेश नाही, लोकांना तो कुणीतरी अनोळखी पोरगा तार तोडताना दिसतो. कोर्टात तो लोकसेवक होता की नाही यावरही आरोपीचा वकील वाद घालू शकतो. कंत्राटी कामगाराला कापायच्या कामावर एकटं पाठवणं बंद करा. तो गेलाच तर कायम कर्मचाऱ्याबरोबर, फोटोचं ओळखपत्र आणि तुमच्या सहीचं पत्र घेऊन. वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल तर ठेकेदारानं त्याचं ईएसआयसीत, म्हणजे कामगार विमा योजनेत, नाव घातलंय का, हे मारहाणीनंतर शोधत बसू नका, आज बघा.

आता माघार. माझ्या अनुभवात कर्मचाऱ्यांचा जीव सर्वांत जास्त या एका गोष्टीनं वाचतो. जोडीतल्या कुणालाही वाटलं की इथे बिनसतंय, तर दोघांनी परत यायचं. कारण विचारायचं नाही, "घाबरलास का" हा शब्द तर ऑफिसात उच्चारायचाच नाही. खुणा त्यांना शिकवा: माणूस बोलायचा थांबतो आणि नुसता बघायला लागतो, घरात जाऊन काहीतरी शोधतो, फोन करून "या रे लवकर" म्हणतो, पोरं गाडीभोवती जमतात, कुणी किल्लीला हात घालतं. यातलं काहीही दिसलं की निघायचं वाक्य ठरलेलं असावं. "ठीक आहे काका, मी साहेबांना सांगतो, तुम्ही उद्या ऑफिसात या." एवढंच बोलून दोन पावलं मागे, मग वळायचं. ते कनेक्शन तुमच्या वहीत वेगळ्या पानावर जातं आणि तिथून पुढची जबाबदारी तुमची. तुम्ही स्वतः फोन करायचा, सरपंचांशी किंवा घरातल्या थोरल्याशी बोलायचं, गरज पडली तर पुढच्या वेळी पोलिसांसह जायचं.

हे टिकायचं असेल तर तुमच्या रोजच्या अहवालात "भेट दिली, धोका दिसल्यानं परत आलो" हा रकाना असला पाहिजे आणि तो केलेल्या कामात धरला पाहिजे. नाहीतर तोंडानं मुभा द्याल आणि आकडेमोडीत काढून घ्याल. वरच्यांना हे पटवणं तुमचं काम आहे, त्या पोरांचं नाही. लेखी पत्र द्या, त्यात झालेली मारहाण लिहा. एकदा लेखी धोका कळवला की टार्गेटचा फोन करणाऱ्याचा सूरही बदलतो, हे मी पाहिलं आहे.

स्वसंरक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शिकवू नका. निदान वसुलीसाठी म्हणून नको. तीन-चार जणांच्या घोळक्यापुढे तास-दोन तासांचं शिक्षण उपयोगी पडत नाही. मात्र त्यानं आलेला आत्मविश्वास माणसाला पाच मिनिटं जास्त तिथे थांबवतो. शिकवायचं तर हळू बोलायला, अंतर ठेवायला आणि निघायला शिकवा. ऑफिसात दोघांनी ग्राहक व्हायचं, शिव्या द्यायच्या, दोघांनी दारात उभं राहायचं, अशी दुपारची तालीम घ्या. सुरुवातीला मुलं हसतील, मग कुणाचा तोल कुठे जातो ते तुम्हालाच दिसेल. एखादा मुलगा आईवरून शिवी ऐकली की थांबत नाही, हे दारात कळण्यापेक्षा ऑफिसात कळलेलं बरं.

पोलीस बंदोबस्त सरसकट मागू नका. खाकी दिसली की साधी वसुली धाड होते आणि पुढच्या वेळी बिनपोलिसांचा वायरमन आणखी उघडा पडतो. ठाण्याकडे माणसंही नसतात. दोन ठिकाणी मात्र आग्रह धरा: जिथून आधी माघार घेतली आहे तिथे आणि वीजचोरीच्या कारवाईत. तारेवर टाकलेले चोरीचे आकडे काढायला, मीटर तपासायला जाणं हे थकबाकीपेक्षा वेगळं प्रकरण आहे, समोरच्याला गुन्हा दाखल व्हायची भीती असते. वीज कायद्याच्या कलम १३५ च्या झडतीत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात जायचं असेल तर घरातला प्रौढ पुरुष हजर लागतो, हे भरारी पथकाबरोबर जाणाऱ्या तुमच्या माणसांनाही माहीत हवं. मोहीम सुरू होण्याआधी निरीक्षकांना स्वतः जाऊन भेटा, गावांची यादी आणि तारखा द्या, बीट अंमलदाराचा नंबर प्रत्येक जोडीच्या फोनमध्ये घाला. ओळख असली की अडचणीच्या वेळी गाडी लवकर येते.

आता झालेल्या मारहाणीचं. "मिटवून घ्या" ऐकून परत येऊ नका. कर्तव्यावरच्या लोकसेवकाला रोखण्यासाठी हल्ला किंवा बळजबरी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ चा गुन्हा आहे, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतलं ३५३. इजा झाली आहे म्हणून कलम १२१ सुद्धा, पूर्वीची ३३२ आणि ३३३. हे दखलपात्र आहेत, तेव्हा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून बोळवण करता येत नाही. ठाण्यानं एफआयआर घेतला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि १३२ तडजोडीनं मिटणाऱ्या गुन्ह्यांत नाही. गावातल्या पुढाऱ्यांनी ठाण्यात बसून हात मिळवले म्हणून खटला संपत नाही, तो रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं. एक लक्षात ठेवा. जुन्या ३५३ ची शिक्षा महाराष्ट्रानं दुरुस्ती करून ५ वर्षांपर्यंत नेली होती, नव्या १३२ मध्ये कमाल २ वर्षं आहे. म्हणून इजेचं कलम सुटू देऊ नका, आणि त्यासाठी सरकारी दवाखान्यातली मेडिको-लीगल नोंद (पोलीस प्रकरण म्हणून केलेली इजेची नोंद) त्याच दिवसाची हवी. ती झाली नसेल तर आज करून घ्या, उशीर का झाला ते लिहून.

एफआयआरवर फिर्यादी कोण असावं? शक्य असेल तिथे तुम्ही. वायरमन जखमी आणि साक्षीदार, पण फिर्याद कार्यालयाची. एकट्या वायरमनची फिर्याद असली की संध्याकाळी त्याच्या घरी माणसं येतात, बायकोला समजावतात, भावाला धमकावतात. कार्यालयाची असली की त्याला खरंच सांगता येतं, "ते माझ्या हातात नाही." जबाबात शिव्या जशाच्या तशा लिहायला सांगा, लाजून "अर्वाच्य भाषा" असं लिहू नका. तुमचा कर्मचारी अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल आणि चारचौघांत जातीवरून बोललं गेलं असेल, तर तेही शब्दशः, कोण हजर होतं त्यांच्या नावांसह. ॲट्रॉसिटी कायद्याचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो, त्याला हे तपशील लागतात. आणि हे झालेलं नसेल तर एक शब्दही वाढवू नका. खोट्या कलमानं खरी फिर्याद पडते.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा. मारहाण झाली म्हणून सगळ्या वाडीची लाइन बंद करायची भाषा ऑफिसात नक्की होईल, मुलांचा राग मी समजू शकतो. पण त्याला कायद्याचा आधार नाही, आणि ज्या घरांनी पैसे भरले, ज्या बाईनं तुमच्या वायरमनला पाणी दिलं, त्यांनाही तुम्ही समोरच्या बाजूला ढकलता. पुढच्या वेळी कुणी मधे पडणार नाही.

ऑफिसातल्या महिला तंत्रज्ञाबद्दलची तुमची काळजी अगदी रास्त आहे. एप्रिल २०२४ मध्ये बारामती तालुक्यातल्या मोरगावच्या कार्यालयात वीजबिलाच्या रागातून एका ग्राहकानं महिला तंत्रज्ञावर कोयत्यानं वार केले, त्यात तिचा जीव गेला. ती बातमी वाचली त्या दिवशी मी ओळखीच्या प्रत्येक सेक्शनला फोन केला होता आणि एकच विचारलं होतं: आत्ता ऑफिसात कोण आहे, किती जण आहेत? तुम्हीही हेच करा. ऑफिसात एकच माणूस असेल, मग तो पुरुष असो की बाई, तर ग्राहकांची वेळ बंद ठेवा. दारावर पाटी लावा, सकाळचे दोन-तीन तास ठरवा, त्या वेळात दोघं हजर. बसायची जागा बदला: पाठ भिंतीला, तोंड दाराकडे, मधे खोल टेबल, आणि तिच्या बाजूनं बाहेर पडता येईल असं दुसरं दार. ते नसेल तर आतून कडी लागणारी मागची खोली तरी. फांद्या छाटायचे कोयते, पहार, पाने आपल्या ऑफिसात कोपऱ्यात उघडे पडलेले असतात. ते आजच कुलपात टाका. बिलाच्या तक्रारीवर तोंडी उत्तर नको. अर्ज घ्यायचा, शिक्का मारून पोच द्यायची, तपासणीची तारीख लिहून द्यायची. हातात तारीख घेऊन गेलेला माणूस बहुतेक वेळा त्या तारखेपर्यंत थांबतो. आणि कुणी तिच्याशी अश्लील बोलला किंवा लगट केली, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित जागा देणं ही नोकरी देणाऱ्याची जबाबदारी आहे. पोलिसांत जायचं तिनं ठरवलं तर मदत करणंही त्यातच येतं.

तुम्ही विचारलं नाही, पण सबस्टेशनचं लिहितो, कारण उन्हाळा तोंडावर आहे. रात्री फीडर, म्हणजे गावांना वीज नेणारी लाइन, गेला की जमाव ३३/११ केव्ही उपकेंद्रावर येतो आणि एकटा ऑपरेटर सापडतो. लोक म्हणतात, "लाइन चालू कर, नाहीतर तुला बघतो." त्याच वेळी दोन कोसांवर त्याच फीडरवर परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेऊन कुणीतरी पोलवर चढलेलं असतं. दबावाखाली ब्रेकर (फीडरचा मोठा स्विच) चालू केला तर मरणारा तिथे हजरही नसतो. म्हणून परमिट चालू असताना ब्रेकरच्या हँडलला कुलूप आणि किल्ली लाइनवरच्या माणसाच्या खिशात, हे पाळलंच पाहिजे. ऑपरेटरला खरंच सांगता येतं की किल्ली माझ्याकडे नाही. गेट अंधार पडल्यावर आतून बंद, बोलणं जाळीतून. आणि जमाव येऊच नये म्हणून गावांच्या व्हॉट्सॲप गटावर दर अर्ध्या तासाला दोन ओळी टाका: काय बिघडलंय, कोण गेलंय, किती वेळ लागेल. अंदाज चुकला तर नवा सांगा. दोन तास फोन न उचलणं हे जमाव गोळा करायचं सगळ्यात खात्रीचं कारण आहे.

थोडक्यात क्रम लावून देतो. आजच: फिर्याद आणि मेडिकल नोंद, ऑफिसातली हत्यारं कुलपात, एकट्यानं कापायला जाणं बंद. या आठवड्यात: यादीतून वादाची बिलं बाहेर, कलम ५६ चा कागद, माघारीचा रकाना, निरीक्षकांची भेट, शेजारच्या सेक्शनशी अदलाबदल. बाकी जसं जमेल तसं.

राहिला तो वायरमन आणि त्या वाडीत जायला नकार देणारी मुलं. त्यांना जबरदस्तीनं पाठवू नका, नोटीस तर मुळीच काढू नका. त्या वाडीत पहिल्यांदा तुम्ही जा, लाइन कापायला नाही, बिलांच्या तक्रारी घ्यायला, ग्रामपंचायतीत टेबल टाकून, बीट अंमलदाराला बसवून. जोडीला तुमची दोन माणसं. मारणारी घरं सोडून बाकी वाडीशी आपलं भांडण नाही हे दोन्ही बाजूंना दिसू द्या. जखमी वायरमन परत येईल तेव्हा त्याला काही महिने वसुलीतून बाहेर ठेवा, देखभालीचं काम द्या, आणि ते त्याला विचारून द्या, शिक्षा वाटायला नको. वैद्यकीय खर्चाचा आणि कर्तव्यावर झालेल्या इजेच्या रजेचा प्रस्ताव त्याच्या मागे न लावता तुम्ही स्वतः पाठवा. फुटलेला मोबाईल त्यात घाला. आणि खटला उभा राहील तेव्हा, तो दोन वर्षांनी असो की पाच, तुमची बदली झालेली असली तरी त्याच्या साक्षीच्या तारखेला कोर्टात जा. तारखेचा दिवस कर्तव्यावर धरावा आणि प्रवासभत्ता मिळावा असं पत्र आत्ताच त्याच्या फाईलला लावून ठेवा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या अभियंत्याला ते शोधावं लागणार नाही.